चौथी गोळी आणि लाँड्रीची खूण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरावीच्या वर्गात गांधीहत्या शिकवताना एका मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या व्हिडिओचा हवाला देऊन विचारलं, "मॅडम, नथुरामने तीन गोळ्या झाडल्या, मग चौथी कोणाची?" तुम्ही "ही कॉन्स्पिरसी थिअरी आहे, सोडून दे" म्हणालात आणि पुढे गेलात. पण मुलगा गप्प बसला तो काही पटल्यामुळे नव्हे, हे तुमच्या लक्षात आलं. अशा वेळी इतिहासाच्या माणसाने करायचं काय?

आधी माझी एक चूक सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वसंत व्याख्यानमालेत बोलायला गेलो होतो. भाषणानंतर धोतरातले एक वृद्ध गृहस्थ उठले आणि जवळजवळ हेच विचारलं. मी तरुण होतो, नुकतीच पीएचडी झालेली. "आजोबा, पाचवी आणि सहावीही शोधून काढू," असं काहीतरी बोललो. सभागृह हसलं. ते खाली बसले. रात्री जेवताना आयोजकांनी सांगितलं की गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरं जाळली गेली त्या अठ्ठेचाळीसच्या जळितात त्यांचं घर आणि दुकान दोन्ही गेलं, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. म्हणजे त्यांना गोळ्या मोजायच्याच नव्हत्या. ज्या खुनाशी आपल्या घराचा काडीचा संबंध नव्हता त्यापायी आपलं घर का जळलं, हा त्यांचा प्रश्न होता. खून दुसऱ्याच कोणी केला असेल, तर निदान त्या आगीला काही अर्थ लागला असता. मी मात्र उत्तर दिलं ते गोळ्यांना, आणि तेही टवाळीचं.

तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो. असा प्रश्न आला की तो कोण विचारतंय आणि कुठल्या घरातून विचारतंय, हे आधी बघायचं. पश्चिम महाराष्ट्रात तर नक्कीच.

आता तुमच्या उत्तराकडे येऊ. "कॉन्स्पिरसी थिअरी आहे" हे उत्तर या प्रकरणात वस्तुस्थितीला धरूनच नाही. गांधीहत्या हा कटच होता. लाल किल्ल्यात न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यासमोर जो खटला चालला तो खुनाचा होता तसाच कटाचाही होता. पिंजऱ्यात आठ जण होते, तीन आरोपी फरारी होते आणि नववा, पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे, माफीचा साक्षीदार झाला होता. सरकारपक्षाने 149 साक्षीदार तपासले. 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी, पाच जणांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. पुढे सिमल्याला अपील चाललं, त्यात जन्मठेपवाल्यांपैकी डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या सुटले. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे मुलांसमोर पहिलं वाक्य असं हवं: "कट होताच. प्रश्न एवढाच की कोणता." "कट" हा शब्द आपणच वेडेपणाच्या खात्यात टाकला, तर खरा कट सांगायला आपल्याकडे शब्द उरत नाही.

मग चौथ्या गोळीकडे वळायचं, आणि ते हसत नव्हे तर कागद काढून. माझ्या वर्गात मी सगळ्यात आधी दिल्लीच्या तुघलक रोड पोलिस ठाण्यातली फिर्याद वाचून दाखवतो. 30 जानेवारीला संध्याकाळीच नोंदवलेली, मूळ उर्दूत. फिर्यादी नंदलाल मेहता, जे त्या वेळी बिर्ला भवनात, म्हणजे गांधीजी दिल्लीत राहत होते त्या घरी, हजर होते. ते सांगतात की गांधीजी दोघींच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले, दोन्ही बाजूंना लोक उभे होते, मध्ये जेमतेम तीन फूट वाट होती, आणि सहा-सात पावलं गेल्यावर एका माणसाने दोन-तीन फुटांवरून तीन गोळ्या झाडल्या, पोटात आणि छातीत. आता यातली गंमत बघा. या कागदात मारेकऱ्याचं नाव "नारायण विनायक गोडसे" आहे. आणि गांधीजींबरोबरच्या मुली आभा आणि "सन्नो". सन्नो कोण? मनू, त्या दिवशी आभाबरोबर असलेली दुसरी मुलगी. घाईघाईत ऐकलेलं, उर्दूत उतरवलेलं, कदाचित नकलेत बिघडलेलं.

कारस्थान शोधणाऱ्याच्या हाती हा कागद पडला तर तो म्हणेल, बघा, पहिल्याच दस्तऐवजात मारेकऱ्याचं नाव वेगळं! आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल की खरे कागद असेच दिसतात. ज्याने फौजदारी खटल्यांची दप्तरं चाळली आहेत त्याला ठाऊक असतं की एकाही चुकीशिवायची फिर्याद दिसली तर उलट भुवई उंचावते. नाव चुकणं ही ऐकण्याची चूक. दोन-तीन फुटांवरून झाडलेल्या गोळ्यांची संख्या ही पाहण्याची गोष्ट. एकाच कागदातली ही दोन विधानं एकाच तागडीत घालायची नसतात.

मग "चार" आलं कुठून? हवेतून नाही, आणि हे मुलांना सांगायलाच हवं. त्या दिवशी बागेत व्हिन्सेंट शीअन हा अमेरिकन पत्रकार बीबीसीच्या बॉब स्टिमसनबरोबर उभा होता. त्याने पुढे लिहिलं की आपल्याला चार दबके आवाज ऐकू आल्याचं आठवतं. काही बातम्यांतही चार हाच आकडा गेला. म्हणजे चौथी गोळी व्हिडिओवाल्याने काल बनवलेली नाही, ती एका प्रामाणिक माणसाच्या कानातून आलेली आहे. नथुरामला नेमकं कोणी धरलं याबद्दलही असंच आहे. अमेरिकन वकिलातीतला हर्बर्ट रायनर म्हणतात, बिर्ला भवनातला ओडिशाचा माळी रघू नायक म्हणतात, आणखीही नावं आहेत. गर्दीत धक्का बसलेल्या माणसांच्या साक्षी अशाच असतात, आणि सगळे खरंच बोलत असतात.

दुसरी गोष्ट आपणहून कबूल करून टाकायची: गांधीजींचं रीतसर शवविच्छेदन झालं नाही. विरोधकाने हे पान टाकायच्या आधी आपणच टाकावं. झालं ते एवढंच की दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्विन हॉस्पिटलचे कर्नल तनेजा यांनी बाहेरून तपासणी केली. समोरच्या बाजूला तीन आत शिरल्याच्या जखमा, एक छातीत आणि दोन पोटावर, आणि पाठीमागे दोन बाहेर पडल्याच्या. दोन आरपार, एक आत. हे फिर्यादीशी जुळतं. शवविच्छेदन न झाल्याने काही गोष्टी कायमच्या राहून गेल्या हे खरं. पण "कागद अपुरा आहे" यावरून उडी मारून "म्हणून दुसरा बंदूकवाला होता" इथे पोहोचता येत नाही. मधली पायरीच नाही.

2017 मध्ये हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मुंबईच्या एका संशोधकाने याचिका केली: चौथी गोळी होती, दुसरा मारेकरी होता, आणि त्यामागे "फोर्स 136" हे ब्रिटिशांचं गुप्त पथक असू शकतं. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमलं, त्यांनी फेरतपासाला आधार नाही असा अहवाल दिला आणि 28 मार्च 2018 ला याचिका फेटाळली गेली. इथे एक सावधगिरी. "कोर्टाने फेटाळलं" हे तुमचं मुख्य उत्तर बनवू नका. कोर्ट काय, सत्तर वर्षांनी फौजदारी तपास पुन्हा उघडायचा का एवढंच बघतं. आणि पोरगं म्हणेल, कोर्टालाही मॅनेज केलं असेल. त्यापेक्षा हे विचारा: फोर्स 136 म्हणजे काय? दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात जपान्यांविरुद्ध काम करणारी, ब्रिटनच्या एसओई या गुप्त संघटनेची शाखा. ती मातृसंस्थाच जानेवारी 1946 मध्ये गुंडाळली गेली. खून दोन वर्षांनी झाला. आता ज्याला दावा करायचाय त्याने हा दोन वर्षांचा खड्डा भरून दाखवावा. पुराव्याचा भार त्याच्यावर, तुमच्यावर नाही.

डॅलसमध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या खुनातही, वाद चौथ्याच गोळीवर अडला, हा निव्वळ योगायोग, पण शिकवायला फार सोयीचा. केनेडींच्या खुनाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीने 1979 मध्ये पोलिसांच्या रेडिओच्या ध्वनिमुद्रणावरून चार गोळ्या आणि म्हणून दुसरा बंदूकवाला असं मत दिलं. 1982 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी दाखवलं की ते आवाज गोळीबाराच्या साधारण मिनिटभर नंतरचे आहेत. सरकारी समितीच कटाच्या बाजूने बोलली आणि तरी चुकली. "सरकार म्हणतं म्हणून खरं" आणि "सरकार म्हणतं म्हणून खोटं" ही दोन्ही आळशी माणसाची वाक्यं.

पण माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. चौथ्या गोळीने सगळ्यात मोठं नुकसान काय केलं असेल, तर तिने खऱ्या, अंगावर काटा आणणाऱ्या प्रश्नावरून लक्ष उडवलं. तो प्रश्न 20 ते 30 जानेवारी या दहा दिवसांचा.

20 जानेवारीला बिर्ला भवनात कटातल्या मदनलाल पाहवाने गनकॉटन या स्फोटकाचा स्फोट केला आणि तो जागीच पकडला गेला. बाकीचे पळाले. नथुराम आणि आपटे मरीना हॉटेलात चाळीस नंबरच्या खोलीत "एस. देशपांडे" आणि "एम. देशपांडे" म्हणून उतरले होते. घाईत निघताना कपडे मागे राहिले. पोलिसांच्या हाती आलेल्या त्या कपड्यांवर लाँड्रीची खूण होती: एन.व्ही.जी. मदनलालच्या जबाबात पुण्याच्या एका हिंदुत्ववादी पत्राच्या चालकांचा उल्लेख आला. पत्र "अग्रणी", पुढे "हिंदुराष्ट्र". अशा पत्रांच्या संपादकांची नावं मुंबई सरकारच्या दप्तरात होती. संपादक न. वि. गोडसे, म्हणजे नथुराम विनायक. कपड्यावरची खूण आणि दप्तरातलं नाव, दोन्ही सरकारकडेच. फक्त एक दिल्लीत आणि एक मुंबई-पुण्यात.

तिकडे मुंबईत रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन 21 जानेवारीला मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले. मदनलालने त्यांना आधीच बेत सांगितला होता. मोरारजींनी त्याच रात्री पोलिस उपायुक्त जमशेद नगरवालांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी अहमदाबादेत सरदार पटेलांना. नगरवाला मात्र हा गांधीजींच्या अपहरणाचा बेत असल्याच्या तर्काला चिकटून राहिले. दिल्लीहून आलेले अधिकारी रिकाम्या हाताने परत गेले. पुण्याचे सीआयडीचे डीआयजी राणा तेव्हा दिल्लीतच होते. त्यांच्याकडे मदनलालच्या जबाबाची प्रत आली, आणि ते निघाले आगगाडीने, अलाहाबादमार्गे. मुंबईत पोहोचले 27 तारखेला. त्याच 27 तारखेला नथुराम आणि आपटे खोट्या नावांनी मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. तिथून ग्वाल्हेर, तिथे बेरेटा पिस्तूल, नंबर 606824, आणि परत दिल्ली.

मारेकरी विमानाने आणि त्यांची नावं आगगाडीने. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी अभिलेखागारातून बाहेर येऊन बराच वेळ नुसता चहाच्या टपरीवर बसून होतो.

आता याला काय म्हणायचं? कोणी म्हणेल, एवढी ढिलाई मुद्दामच केली असणार. मी अनेक वर्षं हे कागद वाचून या मताला आलो आहे की मुद्दाम केल्याचं काही दिसत नाही. दिसतं ते दोन शहरांच्या पोलिसांमधलं वाकडं, वरिष्ठाने एकदा धरलेला तर्क न सोडणं, आणि फाळणीनंतरच्या दिल्लीत दमलेली यंत्रणा. पण "हलगर्जीपणा" हे उत्तरही फुकट मिळत नाही. तेही तारखेनिशी सिद्ध करावं लागतं. नाहीतर ते कारस्थानवाल्याच्याच गालिच्याची उलटी बाजू.

आणि हे कागद आपल्याला मिळाले कसे, तेही मुलांना सांगा, कारण ती कथा पुण्याची आहे. 1964 च्या ऑक्टोबरात जन्मठेपेतले उरलेले तिघे, नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल, सुटले. 12 नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे "केसरी"चे माजी संपादक आणि लोकमान्यांचे दौहित्र ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा विचार आपल्याला आधी माहीत होता, आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत खेरांपर्यंत तो पोहोचवला होता. एका पूजेतलं भाषण, आणि विधानसभेपासून संसदेपर्यंत गदारोळ. त्यातून चौकशी आयोग आला. आधी गोपाळ स्वरूप पाठक, मग 1966 पासून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर. कपूर आयोगाने 101 साक्षीदार तपासले, 407 दस्तऐवज पाहिले आणि 30 सप्टेंबर 1969 ला अहवाल दिला. म्हणजे कोणाला काय माहीत होतं, हा प्रश्न वेड्यांनी विचारलेला नव्हता. तो विचारला गेला म्हणून तर एन.व्ही.जी. आपल्याला माहीत आहे.

लपवाछपवीबद्दल एक तिरपी टीप. सरकारं लपवतात, हे खरंच आहे. केनेडींच्या खुनाची पहिली चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापासून सीआयएने क्युबाच्या कॅस्ट्रोला मारण्याचे आपले बेत लपवले होते. पण लपवलेलं बहुधा असतं ते दुसरा मारेकरी नव्हे, तर स्वतःची लाज. मुलांना हा फरक पटकन कळतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा गुणपत्रिका लपवतो, याचा अर्थ त्याने चोरी केली असा होत नाही.

सावरकरांचा प्रश्न वर्गात येणारच, आणि आला की दोन्ही बाजूंचे पालक शाळेत येतात. मी इथे दोन कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि तारखा फळ्यावर लिहितो. 1949 चा निकाल: निर्दोष मुक्तता. कारण बडगेची साक्ष, ज्यात सावरकरांनी नथुराम आणि आपटेंना म्हटलेले "यशस्वी होऊन या" हे शब्द आहेत, तिला सावरकरांपुरता स्वतंत्र दुजोरा नव्हता, आणि माफीच्या साक्षीदाराच्या एकट्याच्या बोलण्यावर शिक्षा करणं न्यायमूर्तींना सुरक्षित वाटलं नाही. 1969 चा अहवाल: मुंबईच्या तपासाची चिकित्सा करताना कपूर म्हणतात की या सगळ्या बाबी एकत्र घेतल्या तर सावरकर आणि त्यांच्या गटाने केलेला खुनाचा कट याखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही. आयोगासमोर सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे मार्च 1948 मधले पोलिसांकडचे जबाब होते, जे खटल्यात आलेच नव्हते. पण तोवर सावरकर हयात नव्हते, फेब्रुवारी 1966 मध्येच गेले होते. त्यांच्या बाजूने उलटतपासणी झाली नाही आणि आयोग म्हणजे कोर्टही नव्हे. जो यातला एकच कागद दाखवतो, तो कोणत्याही बाजूचा असो, त्याच्यापासून सावध राहायला शिकवा. मला स्वतःला दामले-कासारांच्या जबाबांचं वजन जास्त वाटतं. हे माझं मत आहे, आणि मत म्हणूनच सांगतो.

"55 कोटींमुळे मारलं" हे वेगळं प्रकरण, तो कट नव्हे तर हेतूचा दावा. त्याला मी फक्त कॅलेंडर दाखवतो. पाकिस्तानला ही रक्कम देण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला 15 जानेवारीला. नथुरामने आपल्या दोन विमा पॉलिसींवर आपटे आणि गोपाळ यांच्या पत्नींची नावं लावली ती 13 आणि 14 तारखेला. मरायची तयारी निर्णय जाहीर होण्याच्या आधीची आहे. बस.

शब्दांबद्दलही बोला. आपल्याकडे अजून "गांधीवध" लिहिणारे आहेत. वध कंसाचा होतो, अफझलखानाचा म्हणतात. हा शब्द वापरला की खटला सुरू होण्याआधीच निकाल लागतो. वर्गात मी "खून" म्हणतो. दंडसंहितेत जे असतं ते.

तुम्ही विचाराल, एवढा वेळ कुठून आणायचा? प्रत्येक व्हिडिओला उत्तर देत बसू नका, ती न संपणारी धुणी आहेत. मी एवढंच विचारतो: "असा कोणता कागद सापडला तर तू मत बदलशील?" ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याच्याशी कितीही वेळ बोलतो. ज्याच्याकडे नाही, त्याला चहा पाजतो. हाच प्रश्न स्वतःलाही लावायचा. माझं उत्तर तयार आहे: तनेजांच्या तपासणीच्या वेळची, आत शिरल्याची चौथी जखम सांगणारी टिपणी मला दाखवा, मी माझी टाचणं फाडून टाकतो.

आणि तुमच्या त्या मुलाला सोमवारी फिर्यादीच्या इंग्रजी अनुवादाची एक झेरॉक्स द्या. मराठी अर्थ लावायला घरी बसवा आणि एकच काम सांगा: यात किती चुका सापडतात ते शोधून आण. "नारायण" त्याला पहिल्या पाच मिनिटांत सापडेल. "सन्नो"पाशी तो अडेल. अडू द्या.